तडा पुट्टीनं बुजवताय, पण भिंत हलतीये त्याचं काय?

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं आहे: "६ वर्षांपूर्वी शहराच्या कडेला एनए प्लॉट घेऊन घर बांधलं, आरसीसी कॉलमचं, खाली तीन खोल्या वर दोन. तिसऱ्या वर्षापासून मागच्या बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरका तडा जातोय. उन्हाळ्यात वाढतो, पावसाळ्यात जवळजवळ दिसेनासा होतो. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, परत तिथंच उघडला. आता हॉलच्या पार्टिशनलाही तडा आलाय, तिथल्या दोन-तीन फरश्या उचलल्यात आणि पावसाळ्यात बाथरूमचं दार लागत नाही. मिस्त्री म्हणतो नव्या घराला असं होतंच. एक जण पायात केमिकल सोडायचे अडीच लाख सांगून गेला. मिस्टर म्हणतात वास्तू बघून घेऊ. सासूबाई किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या आहेत, त्या त्या खोलीत झोपतच नाहीत. घर टिकेल ना?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून घर आज-उद्या पडायला आलंय असं मला वाटत नाही, पण हे मी पत्र वाचून बोलतीये, भिंत बघून नाही, म्हणून काही गोष्टी आजच्या आज उजेडात नीट बघून घ्या. कॉलमला तडा आहे का, विशेषतः कॉलमच्या खालच्या टोकाला किंवा बीम आणि कॉलम भेटतात तिथं, तोही नुसत्या प्लास्टरला नाही तर आतल्या काँक्रीटला. कुठं काँक्रीटचा तुकडा सुटून सळई दिसतीये का. स्लॅब मधोमध झोळ धरल्यासारखा वाटतोय का. एखादी भिंत ओळंब्यातून बाहेर गेलीये का, हे साधा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून कळतं. आणि एखादा तडा आठ-पंधरा दिवसांत डोळ्यादेखत रुंदावलाय का. यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका, ती खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, मिस्त्रीला नाही. यातलं काही नसेल तर मग आपल्याकडे वेळ आहे आणि तो वेळ नीट वापरायचा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं सांगू, "उन्हाळ्यात वाढतो, पावसाळ्यात दिसेनासा होतो". निम्मं निदान त्यातच झालंय. प्लास्टर वाळताना पडलेला तडा असा ऋतू बघून उघडझाप करत नाही. असा उघडमीट करणारा तिरका तडा म्हणजे बहुतेक खालची जमीन हलतीये, आणि लातूरची जमीन म्हणजे काळी माती.

ही माती आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट म्हणून एक चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. लातूरच्या माणसाला तुरीची डाळ भिजत घातल्यावर काय होतं ते सांगायला नको, तसंच आहे हे, फक्त डाळ एकदाच फुगते आणि ही माती दरवर्षी फुगते, दरवर्षी आक्रसते. मे महिन्यात तुम्ही वावरात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा बघितल्याच असतील, त्या भेगा कंपाउंड वॉलपाशी येऊन थांबत नाहीत, घराच्या कडेनं पायापर्यंत जातात. मात्र घराच्या मधोमध, फरशीखाली, ऊन लागत नाही म्हणून ओल टिकून राहते. म्हणजे उन्हाळ्यात कडेची माती आक्रसून खाली जाते आणि मधली आहे तिथंच राहते, बाहेरच्या कोपऱ्यांचा आधार सुटतो, आणि भिंतीत सगळ्यात कमजोर जागा असते खिडकी-दाराचा कोपरा, तिथून ती तिरकी फाटते. पाऊस पडला, कडेची माती फुगली, कोपरा परत वर आला, तडा मिटला. तुमच्या मागच्या बेडरूमची गोष्ट बहुतेक हीच आहे.

हॉलची मात्र थोडी वेगळी वाटते मला. फरश्या उचलणं आणि पावसाळ्यात दार अडकणं म्हणजे तिथं माती खालून वर ढकलतीये. मिस्त्रीला एक प्रश्न विचारा, भांडण न करता: जोत्यात भराव कशाचा घातला होता, मुरूम की पायाच्या खड्ड्यातून निघालेलीच काळी माती? आणि पार्टिशनच्या भिंतीखाली बीम आहे का, का नुसत्या पीसीसीवर, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटवर, उभी केलीये? मराठवाड्यात कितीतरी घरांत हेच होतं, बाहेरचे कॉलम चांगले मुरमापर्यंत नेलेले असतात आणि आतल्या चार-साडेचार इंची भिंती तशाच भरावावर बांधलेल्या असतात, मग बाथरूमच्या ओलीनं भराव फुगला की घर शाबूत आणि पार्टिशन फाटलेलं. तुमचंही असंच निघालं तर खरं म्हणजे ती बरी बातमी आहे, कारण पार्टिशन पाडून परत बांधता येतं, त्यावर स्लॅब बसलेला नसतो. पण नसतो हे आधी इंजिनिअरकडून खात्री करून घ्यायचं.

आता तडा कसा बघायचा ते. लांबून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरचा काही सांगू शकत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं. सकाळच्या तिरक्या उजेडात किंवा बॅटरी भिंतीला चिकटवून धरून बघा. एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड तड्यात जात नसेल तर तडा बारीक आहे, त्याच्यासाठी झोप उडवू नका. दोन कार्डं एकावर एक ठेवून आत गेली तर दीड मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या पुढं, म्हणजे सात कार्डं एकावर एक ठेवून आत जातील एवढा, तर इंजिनिअरला बोलवायचंच, वाट बघायची नाही. मग बोटाचं टोक तड्यावरून आडवं फिरवा, दोन्ही कडा एका पातळीत लागतात की एक कड पुढं आलेली आहे? पुढं आलेली असेल तर भिंत नुसती फाटली नाही, सरकलीये. तड्याच्या आत बघा: आत रंग उतरलेला असेल तर तडा मागच्या रंगकामाच्या आधीचा, जाळी-धूळ असेल तर जुना, कडा पांढऱ्या स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजा. वरच्या टोकाला रुंद की खालच्या टोकाला, हेही लिहून ठेवा, साधारणपणे वर रुंद असेल तर टोकाचा भाग खाली जातोय आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसतोय. आणि शेवटचं, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जा. त्याच जागी तिकडूनही तडा असेल तर तो विटेतून आरपार गेलाय. एकाच बाजूला असेल तर बऱ्याचदा प्रकरण प्लास्टरपुरतंच असतं.

बाकी वाचकांसाठी इथंच सांगून टाकते, कारण प्रत्येक तडा पायाचा नसतो आणि उगीच घाबरून पैसे घालवणारे पण खूप बघते मी. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा म्हणजे प्लास्टरला पाणी कमी मारलं किंवा सिमेंट जास्त झालं. कॉलम आणि विटेची भिंत जिथं भेटते तिथं उभी सरळ चीर म्हणजे दोन वेगळे माल वेगळे आक्रसले, तिथं प्लास्टरच्या आधी चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, मारायला हवी होती, ती राहिली. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खाली आडवी चीर म्हणजे गच्ची उन्हानं तापून स्लॅब पसरतोय, तिथं पाया खोदून काय उपयोग, गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा थर, किंवा पांढरा उष्णतारोधक लेप लावायचा. पण बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीनं सरळ जाणारी चीर आणि तिच्यातून तांबूस गंजाचे ओघळ, ही मात्र हलक्यात घेऊ नका, आत सळई गंजून फुगलीये आणि ती काँक्रीटला आतून फोडतीये. मुंबई-कोकणाकडच्या खाऱ्या हवेत हे जास्त, पण गळक्या बाथरूमखाली कुठंही होतं.

ताई, तुम्ही आता पुट्टीचा डबा बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे लांबी वाढली की कळेल. मग फोटोफ्रेमवाल्याकडून काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणा, बोटभर रुंद आणि चार-पाच इंच लांब, आणि तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटच्या टिकल्यांनी पक्की करा. रंग आणि पुट्टी खरवडून खालच्या प्लास्टरवर लावायची, नाहीतर पुट्टीच सुटून येते आणि काच तशीच राहते. काच तडकली म्हणजे भिंत हलली, एवढं स्पष्ट. जुने ओव्हरसिअर हेच करायचे आणि आजही ते तितकंच चालतं. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला कार्डानं रुंदी बघून वहीत लिहायची. शिवाय मिस्त्रीची लेव्हल बघायची पाण्याची नळी आणून घराच्या चारही कोपऱ्यांवर बाहेरून एकाच लेव्हलला खुणा करून घ्या, खिळा ठोकून किंवा ऑइल पेंटनं. सहा महिन्यांनी परत नळी लावली की कुठला कोपरा खाली गेला ते कळतं. एक मात्र लक्षात ठेवा, जोत्याचीच रेघ आज वाकडी निघाली म्हणून घाबरायचं नाही, ती बांधतानाच वाकडी झालेली असू शकते, आपल्याला फक्त आजपासून पुढं काय बदललं ते हवंय.

ही वही एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालवायची. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, पाण्याचं काम लगेच सुरू करायचं, कारण काळ्या मातीत नुसती ओल घातक नाही, ओलीचं कमी-जास्त होणं घातक आहे. कुठलाही उपाय शेवटी एवढंच करतो की घराखालची ओल वर्षभर सारखी ठेवतो.

एखादा दणकून पाऊस झाला की छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारा. गच्चीचे पाइप कुठं सुटलेत? बहुतेक घरांत ते जोत्याच्या शेजारीच वीतभर वर संपतात आणि सगळ्या गच्चीचं पाणी बरोब्बर पायात उतरतं. ते पाइप पुढं नेऊन गटारात किंवा घरापासून लांब सोडा, हा खर्च काही हजारांत होतो आणि फायदा सगळ्यात जास्त याचाच आहे. मग हौद. लातूरला नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी मोठा हौद असतो आणि तो नेमका घराला चिकटून असतो. रात्री मोटर आणि नळाचा व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीला खडूनं खूण करा, सकाळी बघा. खाली गेली तर हौद पाझरतोय. वरच्या टाकीलाही तसंच करायचं, घरातले सगळे नळ बंद ठेवून. बाथरूम आणि संडासाचं चेंबर उघडून बघा, जोडातून पाणी मुरतंय का. शोषखड्डा कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, मागच्या बेडरूमच्या बाजूला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला असेल तर तोही हलवा, रोज संध्याकाळी पाइप लावून त्या वाफ्याला दिलेलं पाणी थेट पायाला जातं.

झाडाचंही बघायला लागतं. काळ्या मातीत मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी ओल ओढून घेतं आणि तिथली माती जास्तच आक्रसते, म्हणून झाडाची जेवढी उंची होणार तेवढं तरी ते घरापासून लांब असावं. तुमच्या मागच्या बाजूला सुबाभूळ, निलगिरी, पिंपळ असं काही आहे का? पण असलं तरी लगेच कुऱ्हाड चालवू नका. झाड घराच्या आधीपासूनचं असेल तर ते तोडल्यावर वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती परत पाणी पिऊन फुगते आणि कोपरा खाली जायच्या ऐवजी वर उचलला जातो, म्हणजे नवीनच तडे. घरानंतर लावलेलं लहान झाड असेल तर काढायला तेवढी अडचण नाही. आणि शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, महाराष्ट्रात १९७५ पासून तसा कायदा आहे.

एवढं झालं की घराच्या चारही बाजूंनी प्लिंथ प्रोटेक्शन करून घ्या. निदान एक मीटर रुंद पट्टा, जमलं तर दीड. वरची फूट-दीड फूट काळी माती काढायची, तिथं चिकट मुरूम पाणी मारून थराथरानं चोपायचा, त्यावर काँक्रीट, मीटरला तीन-चार सेंटिमीटर उतार बाहेरच्या बाजूला, आणि पट्टा व भिंत यांच्या सांध्यात डांबराचा किंवा सीलंटचा भरणा, कारण तो सांधा उघडा राहिला तर सगळं पाणी तिथूनच आत जातं. मुरूम चिकट हवा म्हणते त्यालाही कारण आहे, नुसता भरड खडखडीत मुरूम घातला तर तो पाणी साठवून ठेवतो. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर हाच अभ्यास केला होता, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर वर असला की खालच्या काळ्या मातीचं फुगणं आवरतं, आणि कालव्यांच्या कामात तो थर वापरला गेला. आपल्या अंगणातही तेच तत्त्व.

अडीच लाखवाल्या माणसाबद्दल. केमिकल ग्राउटिंग ही खोटी गोष्ट नाही, काही ठिकाणी ते लागतं. पण तुमच्या प्लॉटची माती न तपासता, फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया, किती खोल आहे ते न विचारता, एक खड्डासुद्धा न घेता जो आकडा सांगतो त्याला मी एक रुपया देऊ देणार नाही. आधी बाहेरच्या बाजूनं, एका फूटिंगशेजारी, इंजिनिअरच्या देखरेखीखाली एक तपासणीचा खड्डा घ्यायचा आणि फूटिंग काळ्या मातीवर टेकलंय की मुरमावर, ते डोळ्यांनी बघायचं. कोणी जर म्हणालं की पाया मजबूत करायला सगळ्या भिंतीच्या कडेनं चर खणू, तर त्याला तिथंच थांबवा. पायाखाली काम करायचं झालं तर मीटर-सव्वा मीटरचा एक तुकडा, तो पक्का झाला की लांबचा दुसरा, असं सोडून सोडून करतात. एका दमात पाया उघडा पाडला तर धडधाकट घरही बसतं.

तडे भरायचे ते सगळ्यात शेवटी. वहीतली हालचाल थांबली की प्लास्टर दोन्ही बाजूंनी वीत-वीतभर कापून काढायचं, विटा फुटल्या असतील तर त्या बदलायच्या, सांध्यांत बारीक सळ्यांचे टाके घालायचे, जाळी ठोकून पॉलिमरच्या मालानं परत प्लास्टर. थोडीफार उघडमीट राहिलीच तर तेवढ्या रेषेत लवचिक सीलंट भरायचं. कडक पुट्टी तिथं टिकणारच नाही, ते तुम्ही दोनदा बघितलंयच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट ज्यांनी बघितली त्यांची भीती कोणी चेष्टेवारी नेऊ नये. त्यांच्याजवळ बसून एवढं सांगा की तेव्हा पडली ती बहुतेक घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती, वर माळवदाचं ओझं, भिंतींना एकमेकींशी बांधून धरणारं काही नाही. तुमचं घर कॉलम-बीमचं आहे, आणि हा तडा भूकंपाचा नाही. भूकंपाचा तडा एका रात्रीत येतो आणि भिंतीवर बऱ्याचदा फुलीसारखा दिसतो, तो उन्हाळ्या-पावसाळ्यात उघडमीट करत नाही. तरीपण त्यांना मनातून वाटेपर्यंत त्यांनी दुसऱ्या खोलीत झोपावं, यात काही गैर नाही. आणि वास्तूचं म्हणाल तर घरात शांती वाटत असेल तर पूजा जरूर करा, फक्त भिंती पाडून दिशा बदलायच्या भानगडीत पडू नका, तडा असलेल्या घरात भिंत पाडणं हा वेगळाच धोका आहे.

ज्यांचं घर अजून बांधायचंय त्यांनी प्लॉटवर आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा आणि माती लॅबला देऊन फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे ती पाण्यात किती फुगते तो आकडा, काढून घ्या, ५० टक्क्यांच्या वर आला तर माती जास्त फुगणारी समजतात. मुरूम जवळ असेल तर तिथपर्यंत खाली जा. फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल करतात, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले, रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं त्यावर खूप काम केलंय, आणि ते निदान साडेतीन मीटर खाली न्यायचे असं आपलं मानक सांगतं कारण तिथवर मातीची ऋतूप्रमाणे हालचाल पोचते. जोत्यात काळी माती परत भरू देऊ नका, त्या दिवशी साइटवर स्वतः उभं राहा. आणि बिल्डरकडून फ्लॅट किंवा रो-हाउस घेतलेल्यांनी पझेशनची तारीख बघा, रेरा कायद्यात पझेशनपासून ५ वर्षांच्या आत असा दोष लेखी कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर बोलत बसू नका, स्पीड पोस्टानं पत्र पाठवा.

ताई, इंजिनिअर येईल त्या दिवशी त्याच्यासमोर घराचा मंजूर नकाशा, फूटिंगचं ड्रॉइंग असेल तर ते, बांधकाम चालू असतानाचे मोबाइलमधले फोटो आणि तुमची तारखांची वही ठेवा. फोटोत पायाच्या खड्ड्याचा तळ दिसत असेल तर तो फोटो सगळ्यात आधी दाखवा, आणि त्याच्याकडून सही-शिक्क्याचा लेखी रिपोर्ट घेतल्याशिवाय कोणालाही कामाचा ॲडव्हान्स देऊ नका.